चिखलदऱ्याहून आणलेली खाज

बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यात दहा-बारा वेळा तरी पोरांची सहल घेऊन चिखलदऱ्याला गेलो. तेव्हा या श्रावणात तिथं गेल्यावाचून माझं काही नडलं नव्हतं. तरी गेलो, आणि ज्या माणसाला न्यायचं कबूल केलं होतं त्याला न सांगता गेलो. हे प्रवासवर्णन आहे हे खरं, पण यात दऱ्या-डोंगरांपेक्षा माझ्या अंगावर उठलेल्या लाल फोडांना जास्त जागा लागणार आहे. त्याबद्दल वाचकांनी राग मानू नये. मला स्वतःचाच इतका राग आलेला आहे की तेवढा पुरे.

तो माणूस म्हणजे माझी मोठी बहीण, कुसुमताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्नापासून अकोल्याला. ती सातवीत होती तेव्हा तिच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला निघाली होती. ताईनं आठ दिवस आधी पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवली होती, आणि सहलीला चार दिवस उरले असताना तिला माता निघाली. माता म्हणजे कांजिण्या. आमच्याकडे त्याला आजार म्हणत नाहीत, देवी घरी आली असं म्हणतात. मला लागू नये म्हणून आईनं मला मामाकडे धाडलं. ताई कडुनिंबाच्या पाल्यावर पडून राहिली आणि सहल गेली. तिच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर त्या वेळचा एक वण अजून आहे.

त्यानंतर तिचा योग आलाच नाही. संसार, सासू-सासऱ्यांची आजारपणं, पोरांच्या शाळा. भाऊजी गेल्यावर मात्र दरवर्षी राखीला ती न चुकता म्हणायची, "एक डाव मले चिखलदरा दाखव ना गा, अरुण." तिचा मुलगा विनोद गाडी घेऊन न्यायला तयार होता. त्यावर तिचं म्हणणं, "तो नेईन, दाखवीन अन् घड्याळ पाहत वापस आणीन. मी भावासंग जाईन." आणि मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की.

का नेलं नाही? खरं सांगायचं तर कंटाळा. तिचे गुडघे दुखतात, दर तासाला उतरावं लागतं. सोबत चार डबे घेते. शेजारी बसलेल्या बाईला माझ्या मूळव्याधीपर्यंत सगळं सांगते. एवढ्याशा गोष्टींसाठी मी तिला पाच वर्षं टोलवलं.

अमरावती

बायको पुण्याला लेकीकडे गेली होती. राजापेठेतल्या आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना ट्यूशन क्लास आहेत, सकाळी सहापासून दुचाक्यांचा गलका सुरू होतो. त्यात पावसानं घरात कोंडून घातलेलं. अशा वेळी आमच्या शाळेतले जुने चित्रकलेचे देशमुख सर आले आणि म्हणाले, "सर, घरात बसून काय अंडे उबवून रायले? चला, गाडी काढतो. दोन दिवस चिखलदरा, धारणी फिरून येऊ."

मी हो म्हणालो. बॅग भरायला घेतली तेवढ्यात ताईचा फोन.

"शनिवारी राखी हाय. येतोस ना? अन् यंदा तरी जाऊ ना चिखलदऱ्याले? मी नवे बूट आणले, रबराचे. घसरत नाई म्हणते दुकानदार."

"ताई, यंदा पाऊस फार आहे. घाटात दरडी पडतात. या वर्षी नकोच," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता बॅगेत छत्री घातली. ती म्हणाली, "बरं बाप्पा, तू म्हणशीन तसं." तिच्या आवाजात रुसवा नव्हता, त्यामुळे मला ते जास्तच सोपं गेलं.

चिखलदरा

घाट चढताना धुकं खाली उतरून आलं आणि देशमुख सरांनी दिवे लावले. अमरावतीत पंखा पाचवर ठेवून झोपणारे आम्ही, वर पोचताच स्वेटर शोधायला लागलो. येताना राजापेठेतून बांधून घेतलेले गिलावडे पार थंड झाले होते. ते आम्ही गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्ले, आणि वरून एका टपरीत तिथलीच कॉफी घेतली. टपरीवाली म्हणाली, "ही आमच्या इथची हाय, मागच्या उतारावरची." कॉफी थोडी कडू होती, पण त्या थंडीत कपाला दोन्ही हातांनी धरून बसण्यातच अर्धी मजा होती.

दुपारी पंचबोल पॉइंटला गेलो. समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कठड्याला टेकून आम्ही पांढऱ्या धुक्याकडे बघत उभे होतो. दहा-पंधरा मिनिटांनी वारा फिरला आणि धुकं मधोमध फाटलं. खाली एकदम दरी उघडली. हिरवा रंग इतका गडद की काळा वाटावा, समोरच्या कड्यावरून चार-पाच ठिकाणी पाणी पडतंय, आणि त्या पाण्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही. दहा-बारा सहली मी आणल्या होत्या, पण त्या सगळ्या हिवाळ्यातल्या. पोरं मोजण्याच्या नादात मी ही दरी कधी नीट पाहिलीच नव्हती, आणि असं पाणी तर कधीच नाही.

तिथं ओरडलं की डोंगर आवाज परत देतात. देशमुख सरांनी आपल्या बायकोचं नाव मोठ्यानं घेतलं आणि लाजले. मग म्हणाले, "आता तुमी." काय ओरडावं ते सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "ताई!" समोरून एकदा आलं, उजवीकडून आलं, मग खूप लांबून अगदी बारीक आलं.

"बहिणीले आणाले पाहिजे होतं," देशमुख सर म्हणाले.

"तिचे गुडघे दुखतात," मी म्हणालो. तेवढ्यात खिशात फोन वाजला. ताईचाच होता. मागं कणसं भाजणारा माणूस गिऱ्हाइकांना चिखलदऱ्याच्या नावानं हाका मारत होता. मी फोन वाजू दिला.

धारणीच्या रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी जंगलातून धारणीकडे निघालो. मोबाइलची रेंज गेली ती गेलीच. रस्ता असा की गाडी चालते आहे की पोहते आहे ते कळू नये. धारणी पाचेक कोसांवर असताना एका खड्ड्यात चाक पंक्चर झालं, आणि बदललेलं दुसरं चाक पुढच्या वळणावर बसलं. संध्याकाळ व्हायला आली होती. एका जीपवाल्यानं चाक धारणीला नेलं आणि सकाळी आणून देतो म्हणाला. रस्त्याला लागूनच कोरकू आदिवासींची वीस-पंचवीस घरं होती. पहिल्याच घराची मालकीण फुलवंतीबाई, साठीची, हातावर गोंदण. तिनं काही न विचारता बसायला पडवीत बाज टाकून दिली.

तिचं घर पाहून मी चकित झालो. कुडाच्या भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, अंगण इतकं स्वच्छ की आमच्या राजापेठेच्या गल्लीनं मान खाली घालावी. मक्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा तिनं पुढं ठेवला. पाव्हण्याला जेवताना एकटं सोडायचं नाही म्हणून ती जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की टीव्हीचा आवाज थोडा कमी करतात, एवढंच.

झोपताना ती म्हणाली, "साब, उधर मत सोना. बकरी है बाजू में." पडवीच्या कुडापलीकडं शेळ्या बांधल्या होत्या. तिनं घरात जागा करून दिली होती, निर्गुडीच्या पाल्याचा धूरही केला होता. देशमुख सर गाडीत झोपले. मी मात्र मोकळ्या हवेत झोपणार म्हणून हट्ट धरला. निवृत्त माणसाला आपण अजून धडधाकट आहोत हे कुणाला तरी दाखवायचं असतं.

सकाळी उठलो तर मी सगळा पिसवांनी फोडून काढलेला होतो. घोटे, कंबर, पोट, पाठ, मान. कपाळावर आणि कानाजवळ डासांनी हात धुऊन घेतलेले. फुलवंतीबाईनं मला पाहिलं आणि ती हसली नाही, हे तिचे उपकार. चुलीवर निर्गुडीचा पाला उकळत ठेवला आणि म्हणाली, "खुजाना मत. ये पानी ठंडा होने दो, फिर कपडे से लगाओ." पण जीपवाला चाक घेऊन आला होता, राखीच्या दिवशी मला अकोला गाठायचं होतं, आणि पाणी थंड होईपर्यंत थांबायला मला धीर नव्हता. तिनं तोच पाला पानात बांधून दिला. मी तो गाडीच्या मागच्या काचेपाशी टाकला आणि विसरलो.

मग परतवाड्यापर्यंत देशमुख सरांचं वैद्यकशास्त्र. आधी टूथपेस्ट. ती वाळून खपली झाली आणि खाज तशीच. मग सेमाडोहला चहाच्या हॉटेलातून अर्धा कांदा मागून घेतला आणि तो चोळला. मग गाडीची किल्ली. "लोखंड घासलं का चावल्याचं इख उतरते, आमचे आबा घासत." किल्लीनं तीन ठिकाणी सोलवटलं. शेवटी त्यांनी आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना काढला. "हा रामबाण." विज्ञानाच्या मास्तरला चुना त्वचेला काय करतो हे ठाऊक असायला हवं, आणि मला ठाऊकही होतं. पण खाजेपुढं माणसाचं शिक्षण टिकत नाही. मी मान, पोट, दंड सगळीकडे चुना लावून घेतला. अर्ध्या तासात ते लाल ठिपके फुगून पाणी भरल्यासारखे झाले आणि जळायला लागले.

परतवाड्याला स्टँडवर फोन जिवंत झाला. ताईचे अकरा फोन येऊन गेले होते. मी लावला.

"कुठं होता रे तू दोन दिवस? जीव टांगणीले लागला ना माहा!"

"अगं, ताप होता. फोन बंद करून पडून होतो. आता बरा आहे, गाडीत बसतो आहे," मी म्हणालो. खोटं बोलायला विचारसुद्धा करावा लागला नाही. देशमुख सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि अमरावतीकडे निघून गेले. मी अकोल्याची एसटी धरली.

अकोला

दारात ताई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. नवी साडी, केसांत गजरा. हातपाय धुवायला मी बाही वर केली आणि ताटातला दिवा तिनं तसाच खाली ठेवला.

"हे काय व्हय?"

"काही नाही, घामोळं."

तिनं माझ्या शर्टाची वरची दोन बटणं स्वतः काढली. मान पाहिली, पोट पाहिलं, कपाळावर हात ठेवला. चुन्याच्या जळजळीनं आणि तीन तासांच्या एसटीनं अंग गरम झालेलंच होतं.

"दोन दिवस ताप होता म्हणलास ना?" ती हळूच म्हणाली. "लहानपणी मले निघाली तवा तुले मामाकडं धाडलं होतं. तुले निघालीच नव्हती कधी." मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सुनेला हाक मारली, "रेखा, गॅस बंद कर. फोडणी टाकू नोको. घरात माय आली."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. ताई, या पिसवा आहेत. पण पिसवा कुठल्या, हा पुढचा प्रश्न होता. राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर शेळ्या नसतात. आणि त्याच्या पुढचा प्रश्न चिखलदऱ्याचा होता. मी गप्प बसलो.

विनोद म्हणाला, "मामा, दवाखान्यात दाखवून आणतो. दहा मिनिटाचं काम हाय." डॉक्टरनं एका नजरेत ओळखलं असतं, म्हणून मी घाईनं म्हणालो, "नको. ताई म्हणते तसंच करू." बत्तीस वर्षं फळ्यावर 'कांजिण्या: विषाणूजन्य आजार' असं लिहिणारा मी. ताईच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला, जणू भाऊ उशिरा का होईना माणसांत आला.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. चपला बाहेर गेल्या. आतल्या खोलीत स्वच्छ चादर, तिच्यावर कडुनिंबाचा कोवळा पाला, उशाशी पाण्याचा तांब्या. शेजारच्या बायकांना दारातूनच परत पाठवलं. कांदा-लसूण, तेल, फोडणी बंद. मला दहीभात, घरातल्या बाकी सगळ्यांना वरणभात. घरात देवी असताना सण करत नाहीत, म्हणून राखी ताटातून उचलून देव्हाऱ्यात ठेवली गेली. पुरण करून ठेवलेलं होतं, ते तिनं गाईला घातलं.

संध्याकाळी ताई तांब्या घेऊन आली. माझ्या पायांवर तिनं पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, आणि दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घेतले.

"पाय मांगं घेऊ नोको," ती म्हणाली. "मी तुह्या नाई, तिच्या पाया पडून रायली. माय, पोराले संभाळ. माहा एकच हाय."

माझ्या मोठ्या बहिणीचे पांढरे केस माझ्या पावलांवर होते आणि त्या पावलांवर पिसवा चावलेल्या होत्या. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरीही मी बोललो नाही. आता बोललो तर तिचं हे डोकं ठेवणं फुकट जाईल, असं काहीतरी मी मनाला समजावलं. खरं कारण साधं होतं, मी भ्यालो होतो. ती उठली आणि रेखाला घेऊन देवीच्या, मातामायच्या ठाण्यावर गेली. अनवाणी जायचं असतं. रस्त्यावर पावसाचा चिखल होता. परत आली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती.

आता वाचकांच्या उपयोगाचं थोडं सांगतो, कारण एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मात्र खरी घडली. माझी खाज थांबली. ताईनं कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी मातीच्या माठात ओतून गार केलं. आपल्या जुन्या मऊ लुगड्याची फडकी ती त्यात बुडवून, पिळून, फोडांवर ठेवायची. कोमट झाली की बदलायची. चोळायचं नाही, फक्त ठेवायचं. चुना तिनं आधी साध्या पाण्यानं धुऊन काढला. "हे पांढरं काय लावलं होतं बाप्पा?" "टाल्कम पावडर." नखं लागू नयेत म्हणून माझ्या दोन्ही हातांना मऊ कापडाच्या पिशव्या बांधल्या. एकसष्ट वर्षांचा माणूस हाताला पिशव्या बांधून पडलेला पाहून रेखाला हसू आवरेना, ती तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. फारच खाज सुटली की ताई कडुनिंबाची डहाळी अंगावरून हलकेच फिरवायची. बोटानं खाजवून जे होत नाही ते त्या पानांनी होतं, आणि कातडी फाटत नाही. फुलवंतीबाईनं हेच सांगितलं होतं, गार पाणी आणि खाजवू नको. टूथपेस्ट, कांदा, किल्ली आणि चुना यांच्याऐवजी मी तिच्या अंगणात अर्धा तास बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसरा दिवस मी पडून काढला. ताई डहाळी फिरवत लहानपणच्या गोष्टी सांगत होती. मामाकडून मी तिच्यासाठी खिशात बोरं आणली होती आणि ती खिशातच चेचली होती, हे तिला आठवत होतं. मला आठवत नव्हतं. तीन वेळा मी "ताई" म्हणून सुरुवात केली. तीनही वेळा ती म्हणाली, "बोलू नोको, घसा दुखीन."

तिसरा दिवस

तिसऱ्या सकाळी फोड बसले होते. नुसते तांबूस डाग उरलेले. ताईनं नीट निरखून पाहिलं. मातेला पाच-सात दिवस तरी लागतात, हे तिला माहीत होतं. तिला त्यात शंका आली नाही, उलट तिचे डोळे भरून आले. कडुनिंबाच्या पाण्यानं मला आंघोळ घातली, आणि दहीभाताचा नैवेद्य काढता काढता म्हणाली, "पावली माह्या बोलण्याले. इतक्या लवकर उतरली."

"काय बोलली होतीस?"

"नवस नाई काही. सोडलं म्हणलं. आपलं आवडीचं काही सोडावं लागते ना तिच्यासाठी." ती सहज म्हणाली, एखादी भाजी सोडल्यासारखं. "चिखलदरा सोडला मी. म्हणलं, माय, भावाले बरा कर, मी आता कधीच तिकडं पाय ठेवणार नाई. तसंही गुडघे राहिले कुठं आता."

मग मी सगळं सांगितलं. देशमुख सर, गाडी, पंचबोल, शेळ्या, पिसवा, चुना. फोन वाजू दिला तेही. सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही, तिच्या नैवेद्याच्या ताटाकडे बघत होतो. माझं संपलं तशी ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

मग एकदम कढईत मोहरी तडतडली. तीन दिवसांनी त्या घरात फोडणी पडली होती. रेखा दारातून माझ्याकडे पाहून गेली. माझ्या मनात आलं, आता ताई येईल ती बोलणारच नाही, आणि बॅग भरावी लागेल.

ती आली ती ताट घेऊन. ताटात राखी होती. माझा हात तिनं ओढून घेतला आणि मनगटावर एक डाग होता तो टाळून जरा वर राखी बांधली.

"ताई, उद्याच जाऊ," मी म्हणालो. "गाडी करतो. तू म्हणशील तिथं थांबू, दर तासाला थांबू. ती माता नव्हतीच गं. पिसवा होत्या. मग तो शब्दही लागू होत नाही."

"तुह्या अंगात नसन आली ती," ती म्हणाली. "पण मी तिच्या ठाण्यावर उभी होती, अन् तिच्यासमोर बोलली. तू खोटं बोलला, अरुण. मी नाई बोलली."

मी जे हसण्यावारी टोलवत आलो ते तिनं आपलं सगळ्यात मोलाचं म्हणून माझ्यावरून ओवाळून टाकलं होतं, आणि ते परत घेता येत नव्हतं. तिचे रबराचे बूट दाराशेजारी खोक्यातच होते.

थोड्या वेळानं तिनं पाय लांब करून गुडघ्यांना तेल लावायला घेतलं. तीन दिवस तेल बंद होतं ना. आणि खाली मान घालूनच विचारलं, "धुकं होतं काय?"

मला वाटलं, सांगावं की काहीच दिसलं नाही, नुसता पाऊस, चिखल आणि महाग कॉफी. तिला तेवढं बरं वाटलं असतं. पण पुन्हा खोटं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. मी खरं ते सांगितलं. घाटात दिवे लावावे लागतात ते सांगितलं, कपाची ऊब सांगितली, धुकं मधोमध कसं फाटलं आणि कड्यांवरून पाणी कसं बिनआवाजाचं पडत होतं ते सांगितलं. फुलवंतीबाईचं अंगण सांगितलं. ताई तेल लावायची थांबली होती आणि डोळे मिटून ऐकत होती. मधेच विचारायची, हिरवं म्हणजे कसं हिरवं, आपल्या तुरीसारखं का ज्वारीसारखं? मी आठवून आठवून सांगत होतो.

"ओरडलं का आवाज वापस येते म्हणते तिथं. आमच्या बाई सांगत. तू काय ओरडला?"

"ताई म्हणून ओरडलो."

"आला वापस?"

"तीन वेळा आला."

मग डोळे उघडून तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली, आणि समाधानानं म्हणाली, "लय चांगलं हाय मंग. मी देवीले हलकंफुलकं काही नाई देलं."